जुना लॅपटॉप आणि स्वस्तातली लढाई: ‘इन्सर्जन्सी’ची पहिली पावलं

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जाऊन ‘गेमिंग पीसी केवढ्याला पडेल?’ असं विचारलं की जो आकडा कानावर येतो, तो ऐकून बरेच जण खाली उतरून चहा पितात आणि घरची वाट धरतात. हा लेख त्या मंडळींसाठी आहे. कॉलेजच्या काळातला एखादा लॅपटॉप घरात पडून असेल आणि दहा-वीस माणसांनी मिळून इंटरनेटवर खेळायची लढाईची गेम हवी असेल, तर ‘इन्सर्जन्सी’ घ्या. नाव नीट वाचा: नुसतं ‘इन्सर्जन्सी’, २०१४ सालची. ‘इन्सर्जन्सी: सँडस्टॉर्म’ ही तिची २०१८ मध्ये आलेली धाकटी बहीण. दिसायला देखणी, पण खर्चिक. तिला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं.

मोठीचा जन्म गरिबीतला आहे. २००७ मध्ये ती ‘हाफ-लाइफ २’ या गेमवर बसवलेला एक फुकट मॉड (हौशी लोकांनी मूळ गेम बदलून केलेली आवृत्ती) म्हणून आली. पुढे न्यू वर्ल्ड इंटरॅक्टिव्ह या छोट्या कंपनीनं जानेवारी २०१४ मध्ये तिला स्वतंत्र गेम म्हणून विकायला काढलं. खाली इंजिन (गेम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) तेच, २००४ सालचं ‘सोर्स’. म्हणून तर ती आपल्या लॅपटॉपवर चालते. चित्रं आज जुनाट वाटतात हे खरं, पण पाच मिनिटांत तिकडे लक्षच जात नाही. का, ते आधी सांगतो, कारण खेळायचं कसं तेही त्यातूनच कळतं.

हिच्यात काय नाही

स्क्रीनच्या मध्यभागी नेम धरायची फुली नाही. बंदूक डोळ्यापाशी आणून तिच्या माशीतूनच नेम धरायचा. मॅगझिनमध्ये किती गोळ्या उरल्या, तो आकडा कुठेही दिसत नाही; किती झाडल्या हे आपलं आपण लक्षात ठेवायचं. तब्येतीची हिरवी-लाल पट्टी नाही. एखादी गोळी लागली की बहुधा खेळ खलास, दोन लागल्या तर नक्कीच. अर्धं भरलेलं मॅगझिन काढून नवं लावलंत तर ते अर्धं खिशात जातं आणि पुढे कधीतरी, नेमकं नको त्या वेळी, तेच पुन्हा बंदुकीत येतं. नकाशा शत्रूचे लाल ठिपके दाखवत नाही. आणि आपल्या माणसाची गोळी आपल्याला लागते.

हे सगळं काढून टाकल्यावर उरतं काय? कान आणि तोंड. पावलांचा आवाज कोणत्या मजल्यावरून येतोय, जवळची बंदूक आपली की त्यांची, दार कुणी उघडलं, हे ऐकणारा माणूस इथे टिकतो. पंचविशीतल्या पोराइतके हात चपळ नसले तरी चालतं. चाळिशीतली, दिवसभर ऑफिसात एक्सेलच्या शीटमध्ये डोकं घालून बसणारी माणसं या गेममध्ये पोरांना पुरून उरताना मी पाहिली आहेत. ती धावत नाहीत, एवढंच.

दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. इथे बंदुका ‘अनलॉक’ कराव्या लागत नाहीत. आज घेतलेल्या माणसाला आणि दहा वर्षं खेळणाऱ्याला पहिल्या मिनिटापासून तीच हत्यारं मिळतात. लेव्हल वाढते, पण ती नुसती मिरवायला. पैसे टाकून जास्त ताकद घेता येत नाही. हल्लीच्या फुकट गेमांमध्ये दर दोन मिनिटांनी दुकान उघडतं. इथे एकदा पैसे दिले की विषय संपला.

पायरी १: घेताना

स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, खातं उघडा. ते फुकट आहे. पैसे यूपीआयनं देता येतात. अमेरिकेतली मूळ किंमत १४.९९ डॉलर, पण त्या किमतीला घेऊ नका. गेम विशलिस्टमध्ये टाकून ठेवा. जूनअखेरचा समर सेल आणि डिसेंबरातला विंटर सेल, या दोन्हींत जुन्या गेमांवर घसघशीत सूट असते. विशलिस्टमधल्या गेमची किंमत उतरली की स्टीम मेल पाठवतं. तोवर लॅपटॉप साफ करून घ्या, पुढे सांगतो.

घेतल्यावर लॅपटॉपवर चाललीच नाही तर? खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण २ तासांपेक्षा कमी खेळून झालेलं असेल तर स्टीम पैसे परत देतं. त्यामुळे पहिले दोन तास मजेत घालवू नका, तपासणीत घालवा: सेटिंग्ज, बॉट्सबरोबर (संगणक चालवतो त्या खेळाडूंबरोबर) एक फेरी, ऑनलाइन एक फेरी. मेनू उघडा ठेवून जेवायला गेलात तर तोही वेळ मोजला जातो.

टेलिग्रामवर कुणी ‘शंभर रुपयांत स्टीम अकाउंट, आत पन्नास गेम’ म्हणेल. घेऊ नका. खाती विकणं स्टीमच्या नियमांत बसत नाही आणि मूळ मालक ते खातं कधीही परत खेचून घेतो. या गेमला वाल्वची, म्हणजे स्टीमच्या मालक कंपनीची, लबाडी पकडणारी व्हॅक नावाची राखण आहे. त्या खात्यावर आधी कुणी लबाडी केलेली असेल तर तो शिक्का कायमचा असतो.

घरच्यांना समजवायचं असेल तर एवढं सांगा: २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या गेमांवर. इथे पैसे लावायचे नसतात आणि जिंकलात तरी हातात काही पडत नाही. रक्तपात मात्र आहे. आठवीतल्या पोराच्या हाती ही देऊ नका. त्याला फुटबॉल द्या.

पायरी २: लॅपटॉपची मशागत

इथे जरा वेळ काढा, कारण निम्मे लोक इथेच वैतागून गेम सोडतात.

आधी आतल्या पंख्याची धूळ काढून घ्या. इंदूरचा मे महिना चाळीस अंशांच्या वर जातो. पंखा तुंबलेला असेल तर लॅपटॉप तापतो, आणि तापला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. मग पहिली दहा मिनिटं गेम गुळगुळीत चालते आणि नंतर अडखळायला लागते. लोकांना वाटतं नेट गेलं. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नका. मागच्या बाजूला दोन जाड पुस्तकं ठेवून तो उचलला तरी फरक पडतो. चार्जर लावूनच खेळा आणि विंडोजमध्ये पॉवर मोड सगळ्यात वरचा ठेवा.

मग रॅम बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये चित्रं काढायलाही हीच रॅम वापरली जाते. आत ४ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी घालून ८ करा. दोन पट्ट्या जोडीनं काम करतात आणि अशा लॅपटॉपवर सगळ्यात जास्त फरक यानंच पडतो. दुकानात जाण्याआधी आपली रॅम डीडीआर३ की डीडीआर४ ते बघून जा, तिथे गेल्यावर ‘तीच ती साधी’ असं सांगून भागत नाही. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली तर उत्तम, पण ती नंतर. गेमसाठी पंधरा-वीस जीबी जागा मोकळी ठेवा.

गेमच्या आत: सावल्या कमी, अँटी-अलायझिंग बंद, ‘मल्टिकोर रेंडरिंग’ चालू. तरी जड वाटलं तर रिझोल्यूशन एक घर खाली आणा. टेक्स्चर मात्र अगदी तळाला नेऊ नका, दूरच्या खिडकीतला माणूस आणि पडदा सारखेच दिसायला लागतात.

माउस हवाच. टचपॅडवर ही गेम खेळणं म्हणजे नुसता मनस्ताप. तीन-चारशेचा तार असलेला माउस पुरे. विंडोजच्या माउस सेटिंगमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद करा, म्हणजे हात जेवढा हलेल तेवढीच बंदूक हलेल. संवेदनशीलता कमी ठेवा. सुरुवातीला माउस सगळ्या टेबलभर फिरवावा लागेल, चालेल. आणि तारेचे हेडफोन. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो, आणि इथे तेवढ्यात दार उघडून माणूस आत आलेला असतो.

पायरी ३: बॉट्स

थेट माणसांशी भिडू नका. आधी बॉट्सविरुद्ध एकट्यानं सराव करा, आणि तोही एकाच नकाशावर. ‘मार्केट’ घ्या. गल्ल्या, दारं, गच्च्या, बाजारातली दुकानं: आपल्या माणसाला तिथे फार परकं वाटत नाही. ‘सिंजर’ आणि ‘पीक’ हे डोंगराळ, उघड्या मैदानाचे नकाशे आहेत. तिथे दुरून गोळी येते आणि नवा माणूस नुसताच मरतो. ते पुढच्या महिन्यात.

सरावात गोळ्या मारायच्या आधी हातांना चार सवयी लावा. एक, कोपऱ्यावरून पूर्ण बाहेर न येता डाव्या-उजव्या बाजूला झुकून बघणं. दोन, एकेक गोळी झाडणं. बंदुकीचा मोड बदलायचं बटण शोधून ठेवा आणि दूरच्या माणसासाठी ऑटोमॅटिक विसरा. नळी वर उडते आणि बाकीच्या गोळ्या आभाळात जातात. तीन, दर दोन गोळ्यांनंतर मॅगझिन बदलायची खाज आवरणं. दुसऱ्या गेमांमधून आलेल्यांना ही खाज फार असते, आणि मग खिशात सगळी अर्धवट मॅगझिनं जमतात. चार, चालणं. धावताना बंदूक खाली असते आणि पावलं शेजारच्या घरापर्यंत ऐकू जातात.

दारातून आत शिरलात की दाराच्या चौकटीत उभे राहू नका. वाचताना सोपं वाटतं, पण नवशिक्यांपैकी निम्मे तिथेच पडतात.

पायरी ४: पाठीवर काय घ्यायचं

प्रत्येक फेरीआधी ठरावीक सप्लाय पॉइंट मिळतात. त्यात बंदूक, दुर्बीण, चिलखत, बॉम्ब सगळं बसवायचं. चांगलं खेळलात की पॉइंट वाढतात. शिवाय वजन आहे: जड चिलखत आणि जास्तीच्या गोळ्या घेतल्या की माणूस जड पावलांनी चालतो.

सुरुवातीला साधी रायफल घ्या. सैनिकांच्या बाजूला एम१६ किंवा एम४, बंडखोरांच्या बाजूला एकेएम. तिच्यावर साधी लाल ठिपक्याची दुर्बीण, हलकं चिलखत आणि एक धुराचा बॉम्ब. बस. स्नायपरची जागा पथकात एखादीच असते. ती अडवून बसलेला नवा माणूस पूर्ण टीमच्या शिव्या खातो, आणि माझ्या मते त्या वाजवी असतात.

धुराबद्दल दोन शब्द, कारण तो बहुतेक जण चुकीचा फेकतात. आपल्या पायाशी धूर केला तर आपणच आंधळे होतो आणि समोरच्याला नेमकं कुठे झाडायचं ते कळतं. धूर त्याच्या खिडकीसमोर करायचा, म्हणजे दिसायचं बंद होतं ते त्याला. आणि आपण दुसऱ्या अंगानं रस्ता ओलांडायचा. रस्ता ओलांडताना कुणी गोळीबार सुरू केला तर जवळून जाणाऱ्या गोळ्यांनीसुद्धा स्क्रीन धूसर होते आणि हात हलतो. उलटही खरं: शत्रू दिसत नसला तरी त्याच्या खिडकीवर दोन-चार गोळ्या मारत राहा. त्याला डोकं वर काढता येत नाही तेवढ्या वेळात आपला माणूस पोहोचतो.

महूच्या इन्फन्ट्री स्कूलमध्ये पायदळाला जे शिकवतात त्याच्याशी हा खेळ ताडून बघायला जाऊ नका. आपल्या भागात फौजेतून निवृत्त झालेली माणसं बरीच आहेत, त्यातले एखादे काका मागे उभे राहून बघत असतील तर हसतील. पण ‘एक गोळीबार करत अडवून धरतो, दुसरा पुढे सरकतो’ एवढं जर टीमनं केलं, तर तेही हसायचं थांबवतात.

पायरी ५: आधी को-ऑप, मग माणसं

को-ऑपमध्ये, म्हणजे एकाच बाजूनं खेळायच्या प्रकारात, आठ जण मिळून बॉट्सशी लढतात. ‘चेकपॉइंट’ नावाचा मोड निवडा. एकामागून एक ठिकाणं घ्यायची. ठिकाण घेतलं की बॉट्स ते परत घ्यायला चालून येतात, तेवढा वेळ तग धरायचा. मेलेला माणूस पुढचं ठिकाण हाती येईपर्यंत बसून बघतो. हे बसणंच खरं शिक्षण आहे. जिवंत साथीदाराच्या डोळ्यांतून दिसतं: तो कुठे थांबतो, कोणत्या दाराकडे पाठ करत नाही, कधी मॅगझिन बदलतो. तेवढ्यात फोन उघडून रील बघत बसलात तर महिनाभरानंतरही तिथेच असाल.

हात बसला की ‘पुश’. सोळाविरुद्ध सोळापर्यंत माणसं, एक बाजू चढाई करते, दुसरी अडवते. चढाई करणाऱ्यांकडे परत जिवंत व्हायच्या लाटा मोजक्या असतात, ठिकाण घेतलं की वाढतात. त्यामुळे मागे बसून वीस माणसं टिपणाऱ्यापेक्षा ठिकाणाच्या आत उभा राहून मरणारा टीमच्या जास्त कामाचा. ‘फायरफाइट’ हा छोटा आणि जास्त चुरशीचा: तीन ठिकाणं, आणि आपल्या टीमनं एखादं घेतलं तरच मेलेले परत येतात. शेवटचा एकटा उरलेला माणूस हळूहळू चालत निघतो आणि बाकीचे सगळे श्वास रोखून त्याच्या पाठीमागून बघतात, तेव्हा या गेमची चटक लागते.

सर्व्हर निवडताना यादी पिंगप्रमाणे (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) लावा. शंभरच्या आत असेल तर उत्तम, दीडशेपर्यंत सोसतं, त्यापुढे तुम्ही भिंतीमागे गेल्यानंतर मरता. वायफायऐवजी राउटरपासून केबल ओढा. घरात बाकीचे सिनेमा बघत असतील तर ही केबलच वाचवते. वेळही महत्त्वाची. गेम जुनी आहे, दुपारी तीनला आशियातले सर्व्हर ओस असतात. रात्री नऊनंतर गर्दी होते. अकरानंतर युरोपातली माणसं येतात, पण तिकडचा पिंग जास्त.

पायरी ६: बोला

या गेमचं सगळ्यात गमतीचं अंग: तुमचा आवाज जवळच्या शत्रूलाही ऐकू जातो. दाराआड लपून ‘अरे इकडे ये, मी इथे आहे’ म्हणालात तर दोघेही येतील, मित्रही आणि तोही. म्हणून माइक सतत चालू ठेवू नका, बटण दाबून बोलायचं ठेवा. नाहीतर स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी तुमचा ठावठिकाणा सांगेल.

सर्व्हरवर परदेशी मंडळी असतील तर आपल्या चौघांनी खुशाल मराठीत बोलावं, समोरच्याला ऐकू गेलं तरी काडीचं कळत नाही. पण रात्री दहाच्या सुमाराला समोरच्या टीममध्ये कुणी पुण्याचा-नागपूरचा निघू शकतो, हे ध्यानात असू द्या. एकदा असं झालं की पुढची पंधरा मिनिटं दोन्ही टीम लढाई सोडून ‘कुठले तुम्ही?’ करत बसतात.

सांगायचं थोडक्यात: आधी जागा, मग किती. ‘डावीकडचं निळं दार, दोघं.’ ‘गच्चीवर एक, पाण्याच्या टाकीमागे.’ ‘तिकडे आहे, तिकडे!’ याचा उपयोग शून्य. मेल्यावर किंचाळू नका, मारणारा कुठे होता ते सांगा आणि गप्प बसा. जिवंत माणसाला पावलं ऐकायची असतात. नवे असाल तर सुरुवातीलाच ‘भिया, नया हूँ’ म्हणून टाका. लोक वाटतं त्यापेक्षा समजुतीनं घेतात. आपल्याच माणसाला गोळी लागली तर ताबडतोब माफी मागा. न मागणाऱ्याला मतदान करून बाहेर काढतात. आणि घाणेरडं बोलणारा एखादा भेटणारच. वाद घालू नका, यादीत त्याच्या नावावर जाऊन आवाज बंद करा.

मुली आणि बायका खेळतात, पण माइकवर फारशा बोलत नाहीत, कारण उघड आहे. ओळखीच्या आठ जणांचं को-ऑप हा त्यावरचा चांगला उपाय. बहीण पुण्यात, मावसभाऊ बडोद्यात, आपण सुदामानगरात, शनिवारी रात्री नऊ ते अकरा. अकरानंतर इंदूरवाल्यांना सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली असतेच. बाकीच्यांनी फोटो बघून जळावं.

पुढे काय

महिना-दोन महिन्यांत नकाशे पाठ झाले की स्टीमच्या वर्कशॉपमध्ये डोकवा. लोकांनी बनवलेले नकाशे, बंदुका, आवाज तिथे फुकट मिळतात. आधी एकेकच लावा. एकदम दहा लावले आणि गेम उघडलीच नाही, तर दोष कुणाचा ते सापडत नाही.

दुसऱ्या महायुद्धाची आवड असेल तर त्याच कंपनीची, त्याच इंजिनावरची ‘डे ऑफ इन्फमी’ ही २०१७ ची गेम सेलमध्ये बघून ठेवा. तिच्यात तोफखान्याला हाक द्यायची तर अधिकारी आणि रेडिओवाला दोघांना जवळजवळ राहावं लागतं. ज्या मित्राशी सगळ्यात जास्त भांडण होतं, त्याला रेडिओ द्या.